तोफेला वजन असते

येत्या ३१ डिसेंबरला, २०२६ साल मावळताना, बस्टर कीटन यांच्या ‘द जनरल’ या मूकपटाला शंभर वर्षे पूर्ण होतील. १९२६ साली त्या दिवशी तो पहिल्यांदा टोकियोत दाखवला गेला. अमेरिकेत तो पडद्यावर आला पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीत. यंदाच आणखी एका कलाकृतीला ऐंशी वर्षे होत आहेत. झाशी जिल्ह्यातल्या मऊराणीपूरला जन्मलेले वृंदावनलाल वर्मा यांची ‘झाँसी की रानी लक्ष्मीबाई’ ही कादंबरी १९४६ सालची. एक अमेरिकेतल्या यादवी युद्धावरचा विनोदी चित्रपट, दुसरी बुंदेलखंडाच्या मातीतून उगवलेली हिंदी ऐतिहासिक कादंबरी. दोन्हींचे स्मरण एकाच अग्रलेखात करावेसे वाटले, कारण दोन्हींतली हत्यारे जवळजवळ एकाच काळातली आहेत आणि ती हत्यारे हाताळणारी माणसे दोन्हींत जिवंत आहेत. राणीवर आपल्याकडे आजवर निघालेल्या चित्रपटांत नेमकी हीच माणसे हरवली आहेत, असे आमचे मत आहे.

आधी चित्रपटाबद्दल. १२ एप्रिल १८६२ रोजी उत्तरेच्या काही हेरांनी जॉर्जियात दक्षिणेच्या हद्दीत शिरून ‘जनरल’ नावाचे रेल्वे इंजिन पळवले आणि दक्षिणेच्या रेल्वे कर्मचाऱ्यांनी त्यांचा पाठलाग केला. ही खरी घटना. कीटन आणि त्यांचे सहदिग्दर्शक क्लाइड ब्रकमन यांनी तिच्यावर चित्रपट उभा केला. नायक जॉनी ग्रे हा इंजिन ड्रायव्हर. त्याला सैन्यात भरती व्हायचे आहे, पण तो इंजिनावरच अधिक उपयोगाचा आहे म्हणून त्याला घेत नाहीत, आणि हे कारण त्याला कोणी सांगतही नाही. मग त्याचे इंजिन चोरीला जाते आणि हा एकटाच, गणवेश नसलेला माणूस, युद्धाच्या मधोमध येऊन पडतो. त्याच्या हाती जी हत्यारे लागतात ती त्याने कधी चालवलेली नसतात.

पाठलागात त्याच्या इंजिनामागे एक उखळी तोफ जोडलेली आहे. आखूड, जाड, आभाळाकडे तोंड केलेली. खऱ्या पाठलागात अशी तोफ नव्हती. ती कीटन यांची भर. पण रुळांवरून उखळी तोफ नेण्याची कल्पना हवेतली नव्हे. १८६४ साली पीटर्सबर्गच्या वेढ्यात उत्तरेच्या सैन्याने ‘डिक्टेटर’ नावाची तेरा इंची उखळी तोफ रेल्वेच्या वाघिणीवर चढवून वापरली होती. जॉनी पहिल्यांदा तोफेत चिमूटभर दारू घालतो. बत्ती लागते, गोळा जेमतेम उडतो आणि त्याच्याच इंजिनात येऊन पडतो. जॉनी तो घाईघाईने बाहेर ढकलतो, तेव्हा गोळा रुळांशेजारी फुटतो. दुसऱ्या वेळी जॉनी दारूचा अख्खा डबा ओततो. बत्ती पेटवून परत जाताना त्याचा पाय जोडणीत अडकतो, जोडणी सुटते, वाघीण रुळांवर हादरत राहते आणि त्या हादऱ्यांनी तोफेचे तोंड हळूहळू खाली येते. आता ती नेमकी जॉनीवर रोखलेली आहे. त्याला वाचवते ते रुळांचे वळण. इंजिन वळणावर जाते, गोळा सरळ जातो आणि पळणाऱ्या शत्रूच्या गाडीजवळ फुटतो.

हे पाहताना आपण हसतो. हसू ओसरल्यावर लक्षात येते की या प्रसंगात खोटे काहीच नाही. उखळी तोफेचे तोंड साधारण एकाच कोनात वर ठेवलेले असे, आणि गोळा किती दूर पडायचा हे मुख्यतः दारूच्या मापावर ठरे. दारू कमी पडली तर गोळा आपल्याच मोर्च्यात, जास्त झाली तर निशाणाच्या पलीकडे. हे माप गोलंदाजाने वर्षानुवर्षांच्या सरावाने मिळवलेले असे. जॉनीकडे ते नाही, म्हणून पहिल्या वेळी चिमूट आणि दुसऱ्या वेळी डबा. तोफखान्याचे पहिलेच गणित न येणाऱ्या माणसाच्या हाती तोफ देऊन कीटन यांनी ते गणित आपल्याला शिकवले आहे. शेवटच्या नदीकाठच्या लढाईतही तसेच. तोफेची नळी दोन बाजूंच्या खुंट्यांवर तोललेली असते, त्यामुळे तोल बिघडला की तोंड वर जाते. जॉनी दोरी ओढतो त्याच क्षणी ते वर जाते, गोळा आभाळात चढतो आणि वरच्या अंगाला असलेल्या बंधाऱ्यावर पडतो. बंधारा फुटतो आणि शत्रूचे सैन्य पाण्यात सापडते.

कीटन यांचा सगळा विनोद वस्तूंच्या वजनावर उभा आहे. इंजिनाला वजन आहे, लाकडी ओंडक्याला आहे, तोफेला आहे. त्यांनी पूल कोसळण्याच्या प्रसंगासाठी खेळण्यातले इंजिन वापरायला नकार दिला. ओरेगन राज्यातल्या कॉटेज ग्रोव्ह गावाजवळ २३ जुलै १९२६ रोजी खरे इंजिन जळत्या पुलावरून खरोखर नदीत पाडले गेले. मूकपटांच्या काळातला सर्वांत खर्चिक शॉट म्हणून तो ओळखला जातो. लढाईसाठी ओरेगनच्या नॅशनल गार्डमधली सुमारे पाचशे माणसे घेतली होती. तीच माणसे एका गणवेशात इकडून तिकडे आणि दुसऱ्या गणवेशात तिकडून इकडे धावली. नदीत पडलेले ते इंजिन कित्येक वर्षे तिथेच होते. दुसऱ्या महायुद्धात लोखंडाची गरज पडली तेव्हा ते भंगार म्हणून उचलले गेले.

या चित्रपटाला त्या काळी समीक्षकांनी फारसे चांगले म्हटले नाही. युद्धात माणसे मरताना दाखवून वर हसवता कसे, हा एक आक्षेप होता. तो आम्हाला आजही पूर्ण खोडून काढता येत नाही. जॉनीच्या शेजारचे गोलंदाज एका लपलेल्या नेमबाजाच्या गोळीने एकामागून एक कोसळतात आणि जॉनीला कळत नाही हे काय चालले आहे. मग त्याच्या तलवारीचे सैल झालेले पाते मुठीतून निसटते आणि नेमके त्या नेमबाजाला लागते. इथे हसू घशात अडते. त्याहून मोठी उणीव वेगळीच आहे. हा चित्रपट दक्षिणेच्या बाजूने आहे आणि ज्या प्रश्नावर ते युद्ध झाले ती गुलामगिरी त्यात कुठेच नाही. शंभरीचा सोहळा करताना हे सांगितलेच पाहिजे. हत्यारांच्या बाबतीत एवढा प्रामाणिक असलेला कलावंत माणसांच्या एका अख्ख्या समूहाबद्दल गप्प राहिला.

आता इकडे, बुंदेलखंडात येऊ. अमेरिकेतल्या त्या युद्धात दोन्ही बाजूंच्या सैनिकांच्या हाती इंग्लंडहून मागवलेली एन्फील्ड बंदूक मोठ्या संख्येने होती. १८५३ सालच्या घडणीची ही बंदूक नऊ लाखांच्या आसपास अमेरिकेत गेली, असे मानले जाते. तीच बंदूक तिथल्या युद्धाच्या चार वर्षे आधी हिंदुस्थानात पोचली होती आणि तिच्याच काडतुसांनी १८५७ ची ठिणगी टाकली. तिच्या नळीत आतून पीळ असे, त्यामुळे जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीपेक्षा तिची गोळी कितीतरी दूर आणि नेमकी जाई. पण पीळ असलेल्या नळीत गोळी ठासायची तर वंगण हवे. म्हणून कागदी काडतुसाला चरबी लावलेली असे, आणि ते दातांनी फाडून दारू नळीत ओतायची. चरबी गाईची की डुकराची, हा प्रश्न बराकीबराकींत गेला. धर्माची आणि अपमानाची ठिणगी एका यांत्रिक गरजेतून उडाली. हत्यार कसे चालते हे ठाऊक नसेल, तर इतिहासातले हे पान नीट वाचता येत नाही.

झाशीत १८५७ च्या जूनमध्ये शिपाई उठले. ८ जूनला झोकनबागेत इंग्रज पुरुष, बायका आणि मुले मारली गेली. ही गोष्ट आपण राणीची कथा सांगताना अनेकदा घाईने ओलांडतो. ती ओलांडू नये. पुढे त्याच वर्षाच्या उत्तरार्धात ओरछ्याचा दिवाण नत्थेखां फौज घेऊन निघाला. मऊराणीपूरचा मुलूख त्याने आधी बळकावला आणि मग झाशीला वेढा घातला. राणीने तो परतवला. सुखनई नदीकाठचे, विणकरांच्या शेजारगावांनी वेढलेले मऊराणीपूर हे त्या काळी झाशीच्या राज्याचे पूर्वेकडचे महत्त्वाचे ठाणे. युद्ध झाशीच्या तटाशी पोचण्यापूर्वी अशा गावांतून जाते आणि पुस्तकांत ही गावे अर्ध्या ओळीत संपतात.

त्याच गावात ९ जानेवारी १८८९ रोजी वृंदावनलाल वर्मा जन्मले, वेढ्यानंतर अवघ्या एकतीस वर्षांनी. त्यांचे पणजोबा दिवाण आनंदराय राणीच्या बाजूने लढताना मऊच्या लढाईत पडले, असे घरात सांगितले जाई. पणजीच्या तोंडून त्या दिवसांच्या गोष्टी ऐकत हा मुलगा वाढला, झाशीत वकील झाला आणि तेव्हा हयात असलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना भेटून, कागदपत्रे पाहून त्याने आपली कादंबरी लिहिली. त्यामागे एका मराठी ग्रंथाची बोच होती. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी १८९४ साली राणीचे मराठी चरित्र लिहिले. राणी परिस्थितीने नाइलाज होऊन लढली, असा त्यातला सूर वर्मांना मान्य नव्हता. ती स्वराज्यासाठी लढली हे दाखवायचे, असे त्यांनी ठरवले. हा वाद इथे सोडवायचा नाही. पण झाशीच्या कथेवरचा मराठी ग्रंथ मऊराणीपूरच्या एका मुलाच्या मनात इतका खोल रुतला की त्यातून हिंदीतली एक मोठी कादंबरी निर्माण झाली, हे मराठी वाचकाला माहीत असायला हवे.

वर्मा स्वतः शिकारी होते. ‘दबे पाँव’ हे त्यांचे शिकारीच्या आठवणींचे पुस्तक. बंदूक खांद्यावर घेऊन बुंदेलखंडाच्या रानात रात्री काढलेल्या माणसाने राणीची लढाई लिहिली आहे, आणि ते कादंबरीत जाणवते. तिच्यात तटावरच्या तोफा आहेत तसेच त्या डागणारे लोक आहेत: गुलाम गौस खान, खुदाबक्ष, मोतीबाई, झलकारी. झलकारीबाईंचे नाव आज देशभर घेतले जाते, ते लोकस्मृतीतून छापील पानावर ठळकपणे आणण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात याच कादंबरीला जाते. कादंबरी म्हणजे इतिहास नव्हे, आणि वर्मांनी कल्पनेचा हात सैल सोडलेली ठिकाणे तिच्यात आहेतच. तरी तोफेमागे माणूस उभा असतो हे भान तिने सोडले नाही. १९६५ साली त्यांना पद्मभूषण मिळाले, १९६९ साली ते गेले.

२१ मार्च १८५८ ला इंग्रज सेनापती सर ह्यू रोज झाशीसमोर आला. त्याच्याकडे तट फोडण्यासाठी अठरा पौंडी तोफा होत्या आणि तटावरून आत गोळे टाकण्यासाठी उखळी तोफा. दोन्हींचे काम वेगळे. सपाट मारा करणारी तोफ भिंतीच्या एकाच जागी पुन्हा पुन्हा भरीव लोखंडी गोळा आदळत राहते, दगड निखळतो, मग खिंडार पडते. उखळी तोफ भिंतीकडे बघतच नाही; ती भिंतीवरून जाते. तिचा पोकळ गोळा दारूने भरलेला असतो, त्यात वात जळत असते, आणि तो घरांवर, अंगणांत, देवळांत, विहिरींशी पाणी भरणाऱ्यांत येऊन फुटतो.

हे मराठीत लिहून ठेवणारा एक माणूस त्या वेळी झाशीत होता. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेलेले हे भिक्षुक वेढ्यात सापडले. त्यांनी ‘माझा प्रवास’ लिहिला तो बऱ्याच वर्षांनंतर, आणि छापला गेला तो १९०७ साली, भारताचार्य चिंतामणराव वैद्य यांच्या हातून. गोडसे भटजींना तोफांचे शास्त्र माहीत नव्हते, पण त्यांचे डोळे आणि कान उघडे होते. रात्री आभाळातून येणारे तांबडे गोळे, आणि प्रत्येकाला तो आपल्याच अंगावर येतोय असे वाटणे, हे त्यांनी लिहिले आहे. उखळी तोफेच्या गोळ्यातली जळती वात रात्री खालून दिसते. भटजींनी पाहिले ते तेच. शास्त्र न जाणणाऱ्या साक्षीदाराचे वर्णन शास्त्राशी तंतोतंत जुळते, तेव्हा त्या साक्षीवरचा विश्वास दुणावतो. कीटन यांनी साठ-सत्तर वर्षांनी ज्या हत्याराला हसवायला लावले, त्याच्या खाली बसून एका कोकणी ब्राह्मणाने रात्री मोजल्या होत्या.

झाशीच्या बाजूलाही तोफा होत्या. कडक बिजली, भवानीशंकर, घनगर्ज ही त्यांची नावे आजही लोकांच्या तोंडी आहेत. कडक बिजली आणि भवानीशंकर किल्ल्यात ठेवलेल्या आहेत. गुलाम गौस खान, खुदाबक्ष आणि मोतीबाई यांच्या समाध्याही किल्ल्यातच आहेत, एकत्र. बुरुजावरची जड तोफ डागणे म्हणजे काय, याचा विचार त्या तोफेशेजारी फोटो काढताना क्वचितच होतो. आधीच्या बाराच्या ठिणग्या आत राहू नयेत म्हणून नळी ओल्या बोळ्याने पुसायची. दारू भरायची, गोळा घालायचा, दांड्याने ठासायचा. मागच्या भोकात बारीक दारू टाकायची, नेम धरायचा, बत्ती द्यायची. बार उडताच सगळे धूड मागे उसळते, ते माणसांनी पुन्हा रेटून जागेवर आणायचे. मार्चअखेरीच्या बुंदेलखंडी उन्हात, दगडी बुरुजावर, धुराने डोळे जळत असताना. हे एका वीराचे काम नाही. पाच-सात माणसांची टोळी, दारू पोचवणारे, पाणी आणणारे, पडलेली भिंत रात्रीतून पुन्हा बांधणारे गवंडी हे सगळे मिळून एक तोफ चालते. झाशीच्या तटावर बायका तोफखान्याला दारूगोळा पुरवत होत्या आणि पडझड दुरुस्त करत होत्या, ही नोंद राणीच्या भक्तांची नाही. ती वेढा घालणाऱ्या इंग्रजांची आहे.

आणखी एक गोष्ट मराठी वाचकाला टोचेल, पण ती खरी आहे. ह्यू रोजच्या सैन्यात मुंबई इलाख्याच्या देशी पलटणी होत्या. २५ वी बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्री त्यांतलीच. मुंबई सैन्यात कोकणातले आणि देशावरचे शिपाई पूर्वीपासून भरती होत. म्हणजे झाशीच्या तटाच्या आत रत्नागिरीकडून आलेल्या नेवाळकरांचे राज्य, आत वरसईचे भटजी, आत राणीचे वडील मोरोपंत तांबे, आणि तटाच्या बाहेर तोफांच्या मागे आपल्याच मुलखातली माणसे. वेढ्याच्या त्या रात्रींत मराठी बोल भिंतीच्या दोन्ही अंगांना ऐकू आले असतील. या गोष्टीवर चित्रपट कोणी काढला नाही.

१ एप्रिलला बेतवेकाठी तात्या टोपे यांची मदतीला आलेली मोठी फौज रोजने तुटपुंज्या सैन्यानिशी हटवली. ३ एप्रिलला हल्ला झाला, ४ एप्रिलच्या रात्री राणी किल्ल्याबाहेर पडली. पुढे मे महिन्यात काल्पीजवळच्या लढायांत एन्फील्ड बंदुकांच्या नळ्या काजळीने भरून गोळी ठासणे अवघड झाले, अशी इंग्रजांचीच तक्रार होती. ज्या बंदुकीने त्यांना जिंकवले ती उन्हाळ्यात त्यांच्यावरच रुसली. झाशीत मात्र ती चालली, आणि तट पडल्यावर शहरात जी कत्तल झाली तिचे वर्णन गोडसे भटजींच्या पानांवर आहे. ते वाचवत नाही.

आता आपले चित्रपट. १९५३ साली सोहराब मोदी यांनी ‘झाँसी की रानी’ काढला. भारतातला पहिला टेक्निकलर चित्रपट. छायालेखनासाठी ‘गॉन विथ द विंड’चे ऑस्करविजेते अर्नेस्ट हॅलर यांना बोलावले, राणीची भूमिका मेहताब यांनी केली. खर्च अफाट झाला आणि तिकीटबारीवर चित्रपट पडला. मोदींच्या जिद्दीला आम्ही मान देतो. पण त्या चित्रपटापासून अगदी अलीकडच्या भपकेदार चित्रपटांपर्यंत एक सवय सुटलेली नाही. तोफ उडते आणि आगीचा लोळ उठतो. भरीव लोखंडी गोळा जमिनीवर आदळून फुटत नाही. तो उसळतो, रांगेतली माणसे तोडत जातो, भिंतीत रुततो. पडद्यावर मात्र प्रत्येक गोळा पेट्रोलच्या पिंपासारखा भडकतो. तोफ मागे सरत नाही. तिला पुन्हा भरायला वेळ लागत नाही. ती कोणी भरताना दिसतच नाही. पडद्यावरची तोफ म्हणजे राणीच्या मागे लावलेली आरास. तोफेचे वजन काढून घेतले की गुलाम गौस खानाचे कसब जाते, मोतीबाईचे धैर्य जाते, त्या निनावी गवंड्यांच्या आणि पाणक्यांच्या रात्री जातात. उरते फक्त घोड्यावरची एक आकृती. खरी राणी या सगळ्या माणसांना एकत्र बांधणारी होती. तिचेही कर्तृत्व त्याने लहानच होते.

आपल्याकडे साधने नव्हती, हे कारण पुरेसे नाही. कीटन यांच्या तीन वर्षे आधी, १९२३ साली, बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात ‘सिंहगड’ काढला आणि त्यात रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाश वापरला. स्वतः कॅमेरा घडवणारा, हत्यारांपासून पोशाखापर्यंत सगळे चित्रकाराच्या नजरेने पाहणारा माणूस होता तो. वस्तू खरी असावी हा हट्ट मराठी चित्रपटाच्या पाळण्यातला आहे. तो आपण पुढे टाकून दिला.

मऊराणीपूरच्या आणि झाशीच्या लोकांना हे नुसते चित्रपटाचे प्रकरण म्हणून सोडता येणार नाही. बुंदेलखंडात बंदूक अजून इभ्रतीची वस्तू आहे. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढण्याची हौस, ज्याला तिकडे ‘हर्ष फायरिंग’ म्हणतात, तिच्यात वरातीतलेच लोक, कधी नवरदेवाचे मित्र, कधी गच्चीवरून पाहणारी मुले मेली आहेत. २०१९ च्या शस्त्र कायद्यातल्या दुरुस्तीने अशा बारासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. कायदा आला, पण हवेत गेलेली गोळी खाली येते हे अजून अंगी भिनलेले नाही. पडद्यावर बंदूक वर करून झाडणारा नायक पाहत जे वाढले, त्यांनी त्या गोळीला वजन असते हे कुठे पाहिले? जॉनी ग्रेचा गोळा वर जातो तेव्हा तो खाली येतोच, आणि बंधारा फोडतो. शंभर वर्षांपूर्वीच्या एका विनोदी चित्रपटात हे आहे आणि आजच्या आपल्या पराक्रमी चित्रपटांत नाही, याचे आम्हाला खरोखर दुःख होते.

झाशीत आता नवी हत्यारेही घडणार आहेत. उत्तर प्रदेशच्या संरक्षण औद्योगिक पट्ट्याच्या सहा केंद्रांत झाशी आहे. १९ नोव्हेंबर २०२१ रोजी, राणीच्या जयंतीला, पंतप्रधानांनी झाशीत भारत डायनॅमिक्सच्या सुमारे चारशे कोटींच्या प्रकल्पाची पायाभरणी केली. रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रांना पुढे ढकलणारी यंत्रणा तिथे बनवायची आहे. त्याने रोजगार येईल, आणि देशाला ती हत्यारे लागतात हेही खरे. मऊराणीपूरच्या आयटीआयमध्ये शिकणारी मुले उद्या अशा कारखान्यांत कामाला जातील. त्यांच्या हातून जे घडेल त्याचे वजन, त्याचा वेग, ते कुठे पडणार हे त्यांना ठाऊक असायला हवे; कडक बिजली ओतणाऱ्या कारागिरालाही ते ठाऊक होते.

किल्ल्यातल्या तोफांशेजारी सविस्तर माहिती लावावी, अशी मागणी आम्ही पुरातत्त्व खात्याकडे करतो. तोफ किती वजनाची, गोळा केवढा, भरायला किती माणसे लागत, बारानंतर पुन्हा सज्ज व्हायला किती वेळ जाई, ती कोणत्या बुरुजावर होती आणि कोणाच्या हाती होती. हिंदीबरोबर मराठीतही, कारण तिथे येणाऱ्या पर्यटकांत मराठी माणूस मोठ्या संख्येने असतो आणि तो श्रद्धेने येतो. मऊराणीपूरला वृंदावनलाल वर्मांच्या नावाने एखादे दालन व्हावे. तिथे त्यांच्या कादंबरीशेजारी पारसनीसांचे चरित्र आणि गोडसे भटजींचे पुस्तक ठेवावे, म्हणजे तरुण वाचकाला तिघे एकमेकांशी कुठे भांडतात ते स्वतः पाहता येईल.

आणि एक काम तर कोणाच्याही परवानगीवाचून होण्यासारखे आहे. ‘द जनरल’वर आता कोणाचा हक्क उरलेला नाही, अमेरिकेतही तो सार्वजनिक मालमत्ता होऊन कित्येक दशके झाली. चित्रपट सव्वा तासाच्या आसपासचा, मुका. मधल्या थोड्या इंग्रजी पाट्या शिक्षकांनी बुंदेलीत किंवा मराठीत वाचून दाखवल्या की काम भागते. येत्या ३१ डिसेंबरच्या संध्याकाळी मऊराणीपूरच्या, झाशीच्या आणि आपल्याकडच्या वरसई-पेणच्या शाळांनी एका भिंतीवर तो दाखवावा. उखळी तोफेचा प्रसंग आला की थांबावे, आणि पहिल्या वेळी गोळा जवळच का पडला, हे मुलांना विचारावे. उत्तर त्यांना मिळाले की ‘माझा प्रवास’मधली वेढ्याची पाने उघडावीत.